शिल्लक सहा लाख चाळीस हजार

वेस्ट मांबलम, चेन्नई
८ फेब्रुवारी

ती. अलकनंदाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या सभेचा खरा खर्च आधी सांगतो. साठ मेदुवडे, दोन थर्मास कॉफी, भाड्याच्या खुर्च्या: एकवीसशे रुपये. शिवाय दुसऱ्या मजल्यावरचे गुरुमूर्ती आणि तिसऱ्यावरच्या सरोजाबाई यांची वीस वर्षांची बोलचाल बंद झाली, ती कुठल्या खात्यात धरू? आणि हे कशासाठी, तर इमारतीची मासिक वर्गणी चार हजारांवरून अठ्ठावीसशे करायची की नाही!

दोन वर्षं खजिनदार मी आहे. शिल्लक सहा लाख चाळीस हजार! टी. नगरच्या फुटपाथवर साड्यांना फॉल लावत वर आलेल्या माणसाला काटकसर कुणी शिकवावी? जिन्यातले दिवे मी बदलले, लिफ्टवाल्याशी घासाघीस मी केली. आता दोन पक्ष झालेत. पैसा रहिवाशांचा, त्यांना सूट द्या, असं गुरुमूर्तींचं म्हणणं. शिलकेला हात लावू नका, असं सरोजाबाईंचं. कपातवाले पंख्याखाली बसतात, शिल्लकवाले दाराशी. एकमेकांच्या थर्मासमधली कॉफीसुद्धा घेत नाहीत. मतं बारा-बारा, पंचविसावं माझं.

नवल सरोजाबाईंचं वाटतं. शाळेच्या पेन्शनीवर एकट्या राहतात. माझे कान किती तिखट, तुला माहीत आहेच. औषधांच्या दुकानात निम्म्याच गोळ्या द्या म्हणाल्या, ते ऐकलंय मी. बाराशेची गरज सर्वांत जास्त त्यांना, आणि विरोधही त्यांचाच. तेव्हा त्यांच्या भल्यासाठीच मी कपातीला मत देणार.

तुझी कंबर कशी आहे? रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा विद्याधर

मिरज
१९ फेब्रुवारी

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

कंबर बरी, जीभ त्याहून बरी. वर्गणीतलं मला कळत नाही, पण तुझी पत्रं बिस्किटांच्या डब्यात ठेवते, ती दुपारी काढून वाचली. तू खजिनदार होण्याआधी प्रत्येक पत्रात पाण्याचा टँकर. आला नाही, उशिरा आला, दर वाढवला. गेल्या दोन वर्षांत टँकरचं नावही नाही. नुसते दिवे आणि लिफ्ट. तिकडे पाऊस चांगला झाला का रे?

मत देण्याआधी त्या बाईंकडे जाऊन ये. रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

जेवण वेळेवर घे, एवढं माझं ऐक.
तुझी अक्का

वेस्ट मांबलम
६ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोसंबी घेऊन गेलो होतो. स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला सरोजाबाईंची जुनी कॅलेंडरं टांगलेली. टँकरच्या दिवसाला लाल गोल. टंचाईच्या वर्षी आठवड्याला तीन-तीन गोल. गेल्या दोन वर्षांची पानं कोरी. वर्गणी मात्र आम्ही टंचाईच्याच दरानं घेत राहिलो.

हे सभेत का नाही सांगितलंत, विचारलं. त्यांच्या तंजावरी मराठीत त्या म्हणाल्या की, आयुष्यभर राबलेल्या माणसाला जरा नाव मिळालंय, ते चारचौघांत मी कशाला काढून घेऊ? आणि बाराशेचं विचारलं, तर म्हणाल्या, गोळी अर्धी चालते, पण ती गिळायला पाणी लागतंच की. टंचाईत त्यांनी या वयात तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवल्या होत्या. असं खजिनदार मला होता आलं नसतं.

पुढच्या सभेत मीच उभं राहून कॅलेंडरांचं सांगितलं आणि शिलकेला मत दिलं. मग गुरुमूर्तींनी दाराशी जाऊन सरोजाबाईंच्या थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि ठराव मांडला की, पेन्शनीवर एकट्या राहणाऱ्यांना वर्गणी निम्मी. चोवीस विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर. विरोधातलं एक मत सरोजाबाईंचं!

डब्यात हे पत्रही ठेव, पुन्हा कधी फुशारकी मारली तर काढून दाखव.
तुझा विद्याधर

ता. क. पहिला टँकर आज सकाळी आला. दिवे आणि लिफ्ट मिळून दोन वर्षांत मी वाचवले ते नऊ हजार दोनशे.