उजव्या पायाची सहनशक्ती

५ सप्टेंबर
आज आमचे जुने कमांडर बापूराव यांनी घरी बोलावून सांगितलं, खुशाल, यंदा सोळा ऑक्टोबरच्या धम्मचक्र सोहळ्यातल्या परेडची कमांड तुझ्याकडे. त्यांच्या गुडघ्यानं आता होत नाही. म्हणजे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आमच्या समता सैनिक दलाची आख्खी तुकडी माझ्या आवाजावर चालणार! आजवर मी कायम मागच्या रांगेत. सरिताला सांगितलं. ती म्हणाली, छान झालं, पण आधी शुगर तपासून घ्या. बायकोला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

८ सप्टेंबर
नवे बूट घेतले. जरा तंग आहेत. चामडं आहे, पायाचा आकार घेईल.

१२ सप्टेंबर
बुटानं आकार घेतला नाही. उजव्या अंगठ्याखाली फोड आला आणि फुटलाही. पण दुखलं अजिबात नाही. पॉवर स्टेशनात बॉयलरशेजारी नोकरी काढलेला माणूस मी. सहनशक्ती आपोआप येते.

१३ सप्टेंबर
जखमेबद्दल मोबाईलवर वाचलं. शरीर म्हणजे ऑटोमॅटिक मेंटेनन्स. पहिल्या टप्प्यात रक्त गोठतं, लाली येते, सूज येते, जागा गरम होते. म्हणजे पांढऱ्या पेशी ड्युटीवर हजर. दुसऱ्या टप्प्यात तळापासून लाल, दाणेदार मांस भरतं. तिसऱ्यात कडांकडून कातडी सरकत येते, व्रण राहतो. मालकानं काही करायचंच नसतं.
संकल्प: काही न करणे.

२१ सप्टेंबर
लाली आली. सूज आली. गरमही लागते. सगळं शेड्यूलप्रमाणे. सरिताला तिन्ही टप्पे समजावून सांगितले. ती म्हणाली, मंग पहिलाच टप्पा अजून काऊन सुरू आहे? मी म्हटलं, पाया पक्का होऊन राह्यला.
शुगरच्या गोळ्या संपल्या. उद्या आणतो.

२४ सप्टेंबर
आमच्या ऊर्जानगर कॉलनीच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस. आवाज सुंदर लागला. पहिल्या रांगेत आमच्याच सेक्शनचा सुनिल असतो. तो म्हणाला, खुशालभाऊ, तुमच्या बुटातून काहीतरी येऊन राह्यलं. मी म्हटलं, घाम. घरी मोजा काढला तर लाल. रक्तपुरवठा उत्तम आहे म्हणायचा.
गोळ्या आणायच्या राहिल्या.

२७ सप्टेंबर, सायंकाळ
शेक द्यायचं ठरवलं. घमेल्यात गरम पाणी, मीठ, त्यात पाय. काहीच वाटेना म्हणून सरिताला म्हटलं, कोमट पाणी काय देते, अजून तापव. तिनं बोट घालून पाहिलं आणि ओरडली. माझा पाय बाहेर ओढला. घोट्यापर्यंत लालबुंद, वरची कातडी सुटलेली. ती रडायला लागली. बोट भाजलं म्हणून मी बर्फ आणून दिला. तर म्हणते, बोटासाठी नाई रडून राह्यली मी.

२८ सप्टेंबर
सरितानं डॉक्टर नूतन मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, पायाला टोचते, कुठं टोचलं ते सांगा. मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मी म्हटलं, करा सुरू. त्या म्हणाल्या, झालं टोचून.
मग समजावून सांगू लागल्या. शुगरनं पायाच्या नसा मेल्या, म्हणून दुखत नाही. रक्त खालपर्यंत नीट पोचत नाही. पांढऱ्या पेशी येतात, पण त्यांच्यानं जंतू मरत नाहीत. जखम पहिल्या टप्प्यातच अडकली आहे. आजच ॲडमिट व्हा, पायावर भार देऊ नका.
टप्प्यांचं त्यांनाही माहीत आहे हे ऐकून बरं वाटलं. मी म्हटलं, सतरा ऑक्टोबरला पक्का ॲडमिट होतो. मॅडम माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि सरिताशी बोलू लागल्या. इन्सुलिन दिलं, रोजचं ड्रेसिंग सांगितलं. बाहेर आल्यावर सरिता म्हणाली, परेड पुढच्या वर्षी पण होते जी. मी म्हटलं, कमांड होत नाही.

६ ऑक्टोबर
नागपूरहून खुशबूचा व्हिडिओ कॉल. आईनं सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाली, बाबा, पाय दाखवा. मी डावा दाखवला. म्हणाली, अरे, हा तर चांगला आहे. खोटं कुठं बोललो? पाय माझाच आहे.
इन्सुलिन चालू आहे. रोज नाही. शरीराला सवय लागायला नको.

११ ऑक्टोबर
अंगठा काळा पडला. खपली धरली असणार. आतून दुसरा टप्पा सुरू झाला असावा. सरिता म्हणाली, एवढी मोठी खपली नसते. मग ड्रेसिंग केलं.

१४ ऑक्टोबर
घरात वास. उंदीर मेला असावा. कपाट सरकवलं, पलंग सरकवला, फ्रिजखाली काठी घालून पाहिली. सरिता दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, उंदीर नाई जी. तुमचा पाय आहे.
ॲडमिट व्हायचं तर सतराला. आता दोन दिवसांनी काय फरक पडतो?

१६ ऑक्टोबर
सकाळपासून थंडी वाजत होती. बूट चढेना. सुरीनं शिवण उसवून चढवला. सरिता सोबत आली नाही. दारापर्यंत आली.
तुकडी उभी राहिली. मी सावधान दिलं. सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. माझ्या आयुष्यात असा आवाज झाला नव्हता. मग लेफ्ट-राइट. थोडं चाललो. पाय कुठं पडतो ते कळत नव्हतं. मग रस्ताच वर आला.
बापूराव आपला गुडघा धरत धरत माझ्याजवळ येऊन रस्त्याच्या कडेला बसले. म्हणाले, सांगायचं होतं ना रे बाबू, कमांड काय पळून चालली होती? सुनिलनं आवाज दिला आणि तुकडी माझ्या समोरून निघून गेली. कोणीही मान वळवली नाही. वळवायचीच नसते, मीच शिकवलं होतं. पावलं बरोबर पडत होती.

२० ऑक्टोबर, नागपूर
अंगठा काढला. एकच. चालताना अंगठ्याचा तसा फार उपयोग नसतो. सर्जनला जखमेचे टप्पे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, जेवलात का?

२९ ऑक्टोबर
जंतू वर चढले. हाडात गेले. गुडघ्याखालून काढावा लागणार म्हणतात. मी म्हटलं, दुसरं मत घेऊ. खुशबू म्हणाली, बाबा, हे तिसरं मत आहे. तिनं चादर वर करून पाय पाहिला. उजवा. मग बाहेर निघून गेली, बराच वेळ आली नाही.

२ नोव्हेंबर
काढला.

३० नोव्हेंबर, ऊर्जानगर
घरी. सुनिल भेटून गेला. पुढच्या वर्षीची कमांड त्याच्याकडे. तो सांगत नव्हता, मीच विचारलं. चांगला मुलगा आहे, आवाज जरा पातळ आहे. ते त्याला सांगितलं नाही.
नूतन मॅडम टाके बघायला आल्या. एका कोपऱ्यात शिवण उघडली आहे, थोडं पाणी येतं. मॅडमनी हातमोजे काढले, शुगर लिहून घेतली, परवा येते म्हणाल्या.
त्या गेल्यावर सरिता पलंगाच्या कडेला बसली. ती जखमेकडं बघत होती. म्हणाली, तुम्ही एवढं वाचलं ना जी, सांगा ना. भरंल ना आता हे?
मी म्हटलं, मले नाई माहीत.