मेणाचं सफरचंद

प्रिय ठमे,

तुझी नवी नोकरी मार्गी लागेपर्यंत पिल्लूला आम्हां आजी-आजोबांकडे ठेवू का, असं तू फोनवर विचारलंस आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबांनी हो म्हणून टाकलं. तेव्हापासून घरात नुसती धांदल आहे. पिल्लूला नीट बसता यावं म्हणून त्यांनी जुन्या टेबलाचे पाय करवतीने कापले. तीन सारखे कापले, चौथा अंमळ जास्त. आता टेबल डुलतं आणि बाबा फरशीला दोष देतात. मलाही हसू येतं, पण हे पत्र मी तुला हसवायला लिहीत नाहीये. जरा निवांत बसून वाच.

पुढच्या खोलीतला आपला चित्रकलेचा वर्ग परवा-परवापर्यंत तसाच भरत होता. रेघ त्यांची, रंग माझे, ही वाटणीही तीच. फळं शिकवायची म्हटलं की बाबांच्या अंगात येतं, हे तुला सांगायला नकोच. आधी फळ हातात घ्यायचं, डोळे मिटून चाचपायचं, वास घ्यायचा, मग कागदाकडे वळायचं. सफरचंदाच्या दिवशी तर सगळ्या मुलांचे लाल खडू गोळा करून ते स्वतःच्या खिशात टाकतात, कारण लाल हाताशी असला की पोरं दुसरं काही बघतच नाहीत. देठाजवळचा हिरवा सापडला, पिवळा सापडला, सावलीतला जांभळा सापडला, की मगच लाल परत मिळायचा. आणि शेवटी ज्याचं चित्र काढलं ते फळ कापून सगळ्यांनी खायचं. खाल्ल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, हा त्यांचा कायदा. त्या कायद्यापायी तू लहानपणी नाक दाबून पपई गिळली होतीस.

गेले काही महिने ते खडू गोळा करतात आणि विसरतात. मग लाल खडू कुणी पळवले म्हणून वर्गभर शोधत बसतात. मुलांना वाटतं, सर गंमत करताहेत. ती खिशाकडे बोट दाखवून खिदळतात, बाबाही हसतात, आणि मीही त्यांच्यात हसून घेत आले. एकदा संत्रं हातात धरून त्यांनी मुलांना विचारलं, की हे काय आहे. सगळी एका सुरात ओरडली. मुलांना ते कोडं वाटलं. मी मात्र बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. उत्तर ऐकून त्यांना इतकं हायसं वाटलं, की मला भीतीच वाटली.

मागच्या आठवड्यात मी आत रंगाच्या वाट्या धूत होते. त्या दिवशी ताजी फळं मिळाली नाहीत म्हणून टेबलावर मेणाची मांडली होती. बाबांनीच पूर्वी ओतलेली आणि रंगवलेली, इतकी हुबेहूब की तुझी मावशी फसली होती. चित्रं झाली आणि बाबांनी सुरी घेऊन सफरचंद कापलं. मोठ्या मुलांनी मेणाच्या फोडी हसत हसत खिशात लपवल्या. पण वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी, आपल्या पिल्लूच्याच वयाची, तिला काही उमजेना. तिने मान हलवून नको म्हटलं, तसे बाबा चिडले. खाल्ल्याशिवाय घरी जायचं नाही, असं तिला दरडावलं. तुझ्यावर कधी आवाज न चढवलेला हा माणूस, ठमे. ती पोर घाबरली आणि तिने फोड तोंडात टाकून तशीच गिळली. मी धावत आले तेव्हा ती काळीनिळी पडली होती आणि बाबा तिच्यापुढे दुसरी फोड धरून उभे होते. तिला पालथी घेऊन मी पाठीत थापट्या मारल्या, मेण बाहेर पडलं आणि तिने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मी तिथेच खाली बसले.

तिची आई आली आणि लेकीला उचलून घेऊन गेली. मी वर्ग बंद केला. बाबांना मात्र त्याच संध्याकाळी काही आठवत नव्हतं, आणि अजूनही मुलं का येत नाहीत म्हणून ते दार उघडून रस्त्यावर बघत उभे राहतात. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी ते सावलीसकट देखणं काढून दिलं, फक्त त्यात आकडे नव्हते. हा विस्मरणाचा आजार आहे आणि तो वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले.

पिल्लूला इथे ठेवू नकोस. तिच्यासाठी माझा जीव किती तुटतो, ते तुला वेगळं सांगायला नको. पण मी चुलीशी असेन, आंघोळीला गेले असेन, तेव्हा ती त्यांच्यापाशी असेल, आणि आजोबा जे हातावर ठेवतील ते ती विश्वासाने तोंडात घालेल. तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. तुझा फोन आला की ते शेजारी येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. त्यांच्यादेखत माझ्याने नाही म्हणवत नाही, म्हणून हा कागद. पुढच्या वेळी तू विचारशील तेव्हा मी म्हणेन, खुशाल घेऊन ये तिला, आम्ही दोघं आहोत ना. माझं ऐकू नकोस.

घाबरलेली, पण तुझीच,
आई