नव्या घरी कुत्रा नाई

बाबा, तुमच्या दिवाणावर आता कुत्री झोपते. पत्रात आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. अर्थात ठरवण्याची सोय तुम्हाला आता राहिलेली नाही, आणि मला तेच आवडतं. जिवंत होतात तेव्हा माझं बोलणं अर्ध्यावर असताना तुम्ही उठून हात धुवायला जायचात. आता सगळं ऐकावं लागेल. ती रस्त्यावरची आहे, गावठी, एक कान फाटलेली, आणि पावसाळ्यात तिच्या अंगाला असा वास येतो की आई नाकाला पदर लावते. हा सागवानी दिवाण तुम्ही चंद्रपूरहून हौसेनं आणला होता आणि आम्हाला ओल्या केसांनी त्यावर टेकू द्यायचा नाहीत. त्याच्यावर ती चारी पाय ताणून पडते आणि मी तिला उठवत नाही.

माजरीला खाणीच्या वसाहतीत आपलं क्वार्टर होतं तेव्हाचं बोलायचं आहे. मी आठवीत होते. कुत्रा आपण आणला नव्हता, तोच आपल्या दारात येऊन राहिला होता. तुम्ही पाळीवर गेलात की मी त्याला शिकवायला बसायचे. कुणी मला दाखवलं नव्हतं, माझं मीच शोधून काढलं होतं. चहात बुडवलेल्या टोस्टचा तुकडा त्याच्या नाकावरून हळूच मागे न्यायचा. त्याची मान वर जाते, बूड आपोआप खाली टेकतं, तेवढ्यात 'बस' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. मग बसवून नळापर्यंत जायचं. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मी 'ये' म्हणेपर्यंत त्यानं उठायचं नाही. तो उठायचा, मी त्याला परत पायरीवर नेऊन बसवायचे, रागावायचे नाही. दिवाळीपर्यंत असं झालं की समोरून दुसरी कुत्री भांडत गेली तरी हा माझ्या तोंडाकडे बघत बसून राहायचा. शाळेत मला कशातच पहिला नंबर मिळाला नव्हता. एवढी एकच गोष्ट मला येत होती आणि ती मला फार चांगली येत होती.

तुम्ही भद्रावतीला घर बांधलं. सामान हलवायचा दिवस आला. टेम्पो दारात उभा आहे, आई स्टोव्ह पोत्यात गुंडाळते आहे, आणि तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून लोखंडी कपाट बाहेर काढता आहात. कुत्रा सगळ्यांच्या पायात येतो आहे. तुम्ही मला हाक मारता, "बाई, त्याले एका जागी बसवून ठेव. तुहंच आयकते तो." मी त्याला वरच्या पायरीवर बसवते. तो बसतो, हलत नाही. तुम्ही टेम्पोवाल्याला म्हणता, "पायलं का? माह्या पोरीनं शिकवलं. आता जागचा हालत नाई." बाबा, तुम्ही माझं कौतुक केल्याचं मला हे पहिलं आणि शेवटचं आठवतं. मी फुगून गेले होते. मी म्हटलं, मी मागे बसते त्याला घेऊन. तुम्ही म्हणालात, "तू समोर बस मायजवळ. त्याले मी घेतो मांगं." मी आईच्या मांडीला टेकून समोर बसले. तुम्ही कपाट धरून मागे उभे राहिलात. टेम्पो निघाला.

भद्रावतीला उतरून मी धावत मागे गेले तर तिथे कपाट होतं, गाद्या होत्या, पेट्या होत्या आणि तुम्ही होतात. मी विचारलं. तुम्ही कपाटाचा कोपरा उचलताना, माझ्याकडे न बघता सांगितलंत, "तिथीच राह्यला तो. कुत्र्याले घर समजते, माणसं नाई समजत. नवे लोक येतील, त्यायच्यात राहील." मी रडायला लागले तेव्हा म्हणालात, "नव्या घरी कुत्रा नाई. फरशी हाय इथी." संध्याकाळी शेजारपाजारचे आले, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, पंचशील झालं. प्राण्यांना इजा करणार नाही, असं तुम्ही हात जोडून म्हणालात आणि तुमचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी तेव्हा तुमच्या पाठीमागे उभी होते. तुमच्या मानेकडे बघत मी ठरवलं की याची परतफेड करायची.

मी रोज म्हणत होते, चला आणायला. माजरी काही परदेशात नव्हती. तुम्ही म्हणायचात, रविवारी जाऊ. मग एका बाजाराच्या दिवशी माजरीची आपली शेजारीण घरी आली आणि पाणी पिता पिता आईला म्हणाली, "तुमचा कुत्रा पायरीवरच बसून राह्यते वो. भाकर टाकली तं तिथीच खाते, बोलावलं तं येत नाई. काऊन असा करते तं समजून नाई राह्यलं." तुम्ही पेपर वाचत होतात. पान उलटलंत. तो काऊन असा करत होता ते त्या खोलीत दोघांना माहीत होतं, मला आणि तुम्हाला. त्याला बांधायला तुम्हाला दोर लागला नाही. माझा शब्द पुरला. पुढे ती शेजारीण पुन्हा आली तेव्हा क्वार्टरमध्ये नवे लोक आले होते आणि कुत्रा दिसत नव्हता. एवढंच तिला ठाऊक होतं.

मी नर्स झाले. तुम्ही शेवटी आजारी पडलात तेव्हा रजा काढून मीच तुमच्याजवळ होते आणि नातेवाईक म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. त्यांना काय कळतंय. तुमचं अंथरूण रोज बदललं, पाठीला जखम होऊ दिली नाही, औषधाची वेळ चुकवली नाही. कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. फक्त तुमच्याशी बोलले नाही. कूस बदला, तोंड उघडा, झालं. तुम्हाला गप्पा हव्या होत्या, ते मला दिसत होतं. एकदा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बस ना बाई थोडी माह्याजवळ." मी म्हटलं, "मी उभीच बरी आहे." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली, कारण अजून पुष्कळ द्यायचं बाकी होतं.

ते आता देते आहे. माझी बदली कुरखेड्याहून भद्रावतीला झाली. आईचे गुडघे गेले म्हणून ती कुरखेड्याला माझ्याजवळ राहत होती, भद्रावतीच्या घराला कुलूप होतं. ही कुत्री तिथल्याच गल्लीतून माझ्याकडे आलेली. तिला कधीतरी मोटारसायकलनं उडवलेलं आहे, त्यामुळे इंजिनचा आवाज आला की ती पलंगाखाली घुसते. आई म्हणाली, "राहू दे तिले इथी. गल्लीतले लोक टाकतील भाकर." मी आईकडे नुसतं बघितलं तर ती उठून आत गेली. मग मी शिकवायला घेतलं. गल्लीतल्या एका भाऊंची पिकअप होती. बंद गाडीत तिचा बारदाना अंथरायचा, न धुतलेला, तिच्या वासाचा, आणि भात तिथेच द्यायचा. ती दुरूनच बघून परत जायची. मी ताट तिथेच ठेवून वाट बघायचे. एके दिवशी पुढचे पाय चढले. मग सगळी चढली. मग भाऊ गाडी सुरू करून लगेच बंद करायचे. मग सुरूच ठेवायचे. मग वडशाच्या रस्त्यानं थोडं जाऊन परत. भाऊ हसायचे, "ताई, माणसासाठी कोणी इतकं करत नाई." तिला मी हाक मारली की यायला शिकवलं आहे, गाडीत चढायला, उतरायला शिकवलं आहे. बसून राहायला शिकवलेलं नाही आणि शिकवणारही नाही.

निघालो त्या दिवशी आई समोर बसली आणि मी मागे, सामानात, कुत्रीला मांडीजवळ घेऊन. ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर, वरोरा. ती सगळा वेळ थरथरत होती, एकदा माझ्या साडीवर ओकली, पण गाडीतून उडी मारली नाही. भद्रावतीला कुलूप काढलं आणि सगळ्यांच्या आधी तिला आत सोडलं. तिनं भिंती हुंगल्या, स्वयंपाकघर हुंगलं, आणि मग बैठकीत येऊन तुमच्या फरशीवर, अगदी मधोमध, मुतली. समोर तुमचा हार घातलेला फोटो. मी ते पुसलं नाही. आधी चहा केला, प्याले, मग पुसलं. इतका चवदार चहा मी वर्षानुवर्षं प्यायले नव्हते.

संध्याकाळी आई दिवाणाजवळ खुर्ची ओढून बसली आणि कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तो असाच होता ना वो, काळा?"

मी म्हटलं, "काळा कुठला. तांबडा होता."

"नाई वो, काळाच. पाय पांढरे होते वाटते."

ठासून सांगण्याआधी मी डोळे मिटून बघितलं. तुम्ही दिसलात. दुपट्ट्याची गाठ दिसली, दाढीचे खुंट, कपाट धरलेला हात, शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं जसंच्या तसं. पायरी दिसली. पायरीवर तो बसला आहे हे मला माहीत आहे, पण तो दिसत नाही. त्याचा एकही फोटो नाही. आई आणि मी बराच वेळ रंग ठरवत राहिलो आणि शेवटी आईनं विषय बदलला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी मी पाठवलं नसतं, कारण तुमच्याकडे काही मागायचं नाही अशी माझी शपथ होती. पण मी समोर बसले होते, बाबा, आणि तुम्ही मागे, त्याच्याकडे तोंड करून उभे होतात. टेम्पो वळेपर्यंत तो तुम्हाला दिसत असणार. कोणत्या रंगाचा होता तो, एवढं सांगा.