चौघांचा वर्ग

प्रिय सान्वी,

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय. तुझं मराठी वाचन गोगलगायीच्या चालीने चालतं. तसंच सावकाश वाच, शेवटाकडे उडी मारू नकोस.

परवा तू फोनवर रडलीस. एक जण मोठ्या युनिव्हर्सिटीत निघून गेला, तत्त्वज्ञानाच्या वर्गात तुम्ही चौघंच उरलात, आणि शुक्रवारपर्यंत पाचवं कुणी आलं नाही तर वर्ग बंद. मग गुपचूप दुसरा विषय घ्यायचा. बाबा म्हणाले, एवढंसं कॉलेज निवडल्यावर हे व्हायचंच होतं.  

तसं त्यांचं अगदीच चुकत नाही. इथे आपल्या मिल्टन कीन्सच्या गणपतीत तुझ्या कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि प्रसादाकडे वळतो. वेल्सच्या त्या डोंगरात एक बस चुकली की दुपार गेलीच. तुला सर्दी झाली तर स्वयंपाकघरातल्या बाईंपासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना ठाऊक. वर्गातल्या वेदशी बिनसलं तरी रोज त्याच्याचसमोर बसून जेवायचं. आणि वाचून गेलं नाही तर लपायला मागचा बाकसुद्धा नाही.

पण शाळेत कधी हात वर न करणारी माझी मुलगी तिथे जाऊन वाद घालायला लागली. ते कसं झालं हे मला मार्चमध्ये कळलं. तुला न्यायला मी लवकर पोचले होते, बाहेर गारठा होता, म्हणून तुम्हाला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ग्वेन मॅडमनी मला वर्गात बसवलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायलाच हवा का, यावर तुमची जुंपली होती. मी कोट मांडीवर घेऊन कोपऱ्यात. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या. "मीनल, व्हॉट डू यू थिंक?"

इतकी वर्षं सॉफ्टवेअर तपासतेय, तिथे मला फक्त "कधी होईल" एवढंच विचारतात. मी अडखळत आजीला दिलेल्या शब्दाबद्दल बोलले. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. मग तू सगळ्यांदेखत माझा मुद्दा खोडून काढलास, आणि तुझंच बरोबर होतं. मला राग यायला हवा होता, पण आनंदाने नुसतं भरून आलं. परतताना गाडीत मी त्याचाच विचार करत होते, तू मात्र झोपली होतीस.

आता शेवट. परवा तुझा फोन ठेवला आणि मी अर्ज भरला. काल ग्वेन मॅडमनी व्हिडिओवर असे प्रश्न विचारले की मला घाम फुटला. आज उत्तर आलं, त्यांनी मला घेतलंय. पत्र पोचेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय. ऑफिसचे दोन दिवस कमी करून घेतले. बाबा बाहेर जाऊन माझ्या गाडीच्या टायरांची हवा बघून आले आणि म्हणाले, "जा तू. जेवणाचं मी बघतो."

वर्ग वाचला, सान्वी. पाचवी मी आहे. आणि या वेळी मी वाचून येणार आहे, तेव्हा मला खोडून काढणं सोपं जाणार नाही.

तुझीच,
आई, आणि सोमवारपासून वर्गमैत्रीण