नावावर बसलेली कडी

प्रिय आमोद,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं आहे, त्यावर फार विसंबू नकोस. वारज्यातून कोथरूडला पत्र पाठवणारी आजच्या काळात मी एकटीच असेन. हसून घे.

बाबांच्या पंचाहत्तरीला तू भरल्या हॉलमध्ये त्यांच्या गळ्यात चेन घातलीस. तिला लटकत होतं त्यांचंच पद्मटंक, देवगिरीच्या यादवांचं सोन्याचं नाणं. त्यांच्या कपाटातून ते गुपचूप काढलंस, सराफाकडून घासून चकचकीत केलंस, वर कडी जोडून घेतलीस. टाळ्या झाल्या. बाबांचे डोळे भरले. तू व्हिडिओ टाकलास आणि खाली लिहिलंस, ‘आनंदाश्रू’.

आनंदाश्रू! अरे, एकदा तरी विचारायचंस की हे आहे काय. ही नाणी ठोकताना ठसा सरकायचा, म्हणून राजाचं नाव बहुधा अर्धंच उमटतं, आणि उमटलेलंही शेकडो वर्षांत झिजतं. बाबांच्या नाण्यावर ते अख्खं होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत. किंमत त्या नावाची होती. सोनं काय, लक्ष्मी रोडवर हवं तेवढं मिळतं. त्यासाठी बाबांनी स्कूटर विकली आणि निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवायला शाळेत पायी गेले. आई किती तरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तिनेच भिंग मागून घेतलं, आणि दोघं खिडकीशी बसून एकेक अक्षर लावत राहिले. तू तेव्हा पाळण्यात होतास. मी दारातून बघत होते. त्या दोघांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं.

तुझी कडी नेमकी त्या नावावर बसली आहे. जी अक्षरं उरली, त्यांच्या कडा पॉलिशने गेल्या. आता ते परत येणार नाही, कुठलाही कारागीर आणलास तरी.

भर मे महिन्यात बाबा शर्टाचं वरचं बटण लावून बसतात. नाणी बघायला येणाऱ्या सीतारामकाकांना गळ्यातलं ते नाणं दिसू नये म्हणून. मी म्हटलं, काढून ठेवा. तर म्हणाले, “आमोद आला आणि गळा मोकळा दिसला तर?” परवा काकांना ते दिसलंच. चहा अर्धा ठेवून उठले. बाबा त्या कपाकडे बघत बसले.

आणि काल तुझा फोन. मी तिथेच होते, स्पीकर चालू होता. डब्यात पडून काय उपयोग म्हणे, उरलेल्या नाण्यांचा तुमच्या सुनेसाठी, निकितासाठी हार करू या. बाबा म्हणाले, “शनिवारी ये, घेऊन जा.” माझं डोकंच फिरलं. डबा उचलला आणि सरळ घरी घेऊन आले. सकाळी बाबांचा फोन आला. “राधा, नाणी माझी आहेत आणि पोरगाही माझाच आहे. डबा आणून ठेव.”

आज डबा कसब्यात बाबांच्या घरी परत ठेवते आहे. शनिवारी ते हसत हसत तो तुझ्या हातात देतील आणि तुला वाटेल, सगळं छान चाललंय. यावर आमोदशी एक शब्दही बोलणार नाहीस, अशी बाबांनी मला शपथ घातली आहे. बोलले नाही. लिहिलं. आता शनिवारी तो डबा घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझीच, अजून तरी,
राधाताई