आईंच्या कोपराएवढं

३ फेब्रुवारी

आलं एकदाचं! स्वयंपाकघराच्या मधोमध माझं लाकडी टेबल उभं राहिलं. वर जाड पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या – थेट त्यावरच चिरायचं. माप घेताना सुतारकाकांनी विचारलं होतं, "कोणाच्या कोपराची उंची धरू?" मी लगेच हात पुढे केला. घरातली सगळ्यात उंच बाई!

खरं तर हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी. स्वतःचं घर विकून दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या, तेव्हापासून खोली धरून बसल्यात. "तुझं स्वयंपाकघर, मी कशाला लुडबुड करू?" आणि पर्समध्ये वृद्धाश्रमाचा अर्ज! दहा तारखेला देणार म्हणे. नवरा म्हणतो, "अगं, आईची नुसती धमकी असते." मला नाही तसं वाटत. मला त्या इथेच हव्यात. झालं, लिहून टाकलं.

४ फेब्रुवारी

टेबलाला फोडणीचं तेल चोळायला निघाले होते. सुतारकाका फोनवर ओरडलेच – "अहो ताई, खवट वास मारेल! सोबत दिलेली बाटली काय शोभेला आहे?"

५ फेब्रुवारी

दुपारी बाटलीतलं तेल लावत होते. मागून आवाज – "आडवं काय चोळतेस? लाकडाच्या रेघांवरून लाव." आई! फडकं माझ्या हातातून काढूनच घेतलं. तासभर चोळत होत्या. आनंदाच्या भरात मी चहात दोनदा साखर घातली. प्यायल्या बिचाऱ्या.

७ फेब्रुवारी

आज आई आपणहून कांदा चिरायला आल्या. पण टेबल त्यांच्या छातीशी! खांदे पार कानांना टेकले. अर्धा कांदा कसाबसा चिरला आणि चाकू ठेवला. "छान आहे हो. उंच माणसांचं आहे." खोलीत गेल्या, दार लावलं.

मेलं माझं डोकं! जिच्यासाठी केलं तिचंच कोपर मोजायचं सुचू नये? संध्याकाळी डोकावले तर आई चष्मा लावून अर्ज भरत होत्या. तशीच मागे फिरले.

८ फेब्रुवारी

सुतारकाकांना तातडीने बोलावलं. "पाय पाच इंच कापा."

"ताई, तुमची कंबर मोडेल."

"मोडू द्या!"

आईंना धरून आणलं, माप घेतलं. "नसता उद्योग," म्हणाल्या. पण माप होईपर्यंत कोपर वाकवून जराही हलल्या नाहीत, शाळेतल्या मुलीसारख्या!

९ फेब्रुवारी

एक पाय जरा जास्तच कापला गेलाय. टेबल डुगडुगतं. सुतारकाका परवा येणार. पण आईंनी डुगडुगत्या टेबलावर किलोभर गाजरं चिरली! माझ्या कोऱ्या लाकडावर पहिले खोल चरे पडले आणि मी गात सुटले. नवरा म्हणाला, "बरी आहेस ना?" कशीबशी वाकून मीही दोन गाजरं चिरली. कंबर बोंबलते आहे, बोंबलू दे.

अर्जाचं विचारायची मात्र हिंमत झाली नाही. उद्या दहा तारीख.

१० फेब्रुवारी

सकाळी कोबी चिरायला गेले. टेबल डुगडुगेना! खाली वाकून पाहिलं. आखूड पायाखाली कागदाची घट्ट घडी – अर्ज. पूर्ण भरलेला, सहीसकट.

"हात लावू नकोस त्याला," मागून आई. "आणि सरक बघू. माझ्या जागेवर उभी आहेस."

सुतारकाकांना कळवलं – येऊ नका.