माझा नांगर आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, लोहाराची लेक, शिंप्याची विधवा आणि स्वतः वेल्डर, गावभर 'घणबाई' या नावाने ओळखली जाणारी, वय वर्षे पंचाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला मुद्दाम वाकडेतिकडे प्रश्न विचारून पाहिले आणि जाताना त्यांच्या फाटकाची बिजागरी कधी करून देता, असे विचारून गेले. वेडीला कोणी काम सांगत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले, मुद्द्याचे तेवढे लिहा. मी मुद्द्याचेच लिहिले आहे. मुद्दे लांब आहेत, त्याला माझा इलाज नाही.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलास मिळावे. मुलगा बँकेत आहे, हुशार आहे, आणि त्याला लोखंडाचा वास सहन होत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे नाक त्याला. जिना मात्र त्याने काढू नये. तो मी याच मुलाच्या वेळी सातवा महिना चालू असताना जोडला आहे, आणि आजतागायत त्याची एक पायरी वाजलेली नाही.

कलम २. माझ्या यजमानांचे शिलाई मशीन, मोठी कात्री व कापड मापायची लाकडी पट्टी ही शेजारणीस द्यावी. ती शिवते बरे. गळ्याशी गडबड करते, ते तिने सुधारावे.

यजमानांविषयी चार शब्द इथेच लिहिते, कारण पुढे नांगराच्या गोष्टीत ते येणार आहेत. पुढच्या खोलीत ते शिवत, मागच्या शेडमध्ये मी जोडत असे. लोक हसत. म्हणत, "नवरा सुई चालवतो आणि बायको घण." यजमान मान वर न करता म्हणायचे, "दोघंही जोडतोच की." माझा कामाचा जाड एप्रन त्यांनी शिवला. ठिणगी पडून भोक पडले की रात्रीतून ठिगळ लागलेले असे. मी कधी सांगितले नाही, त्यांनी कधी विचारले नाही. तो एप्रन माझ्याबरोबर जाऊ द्यावा. कोणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

कलम ३. मागची शेड, तिच्यातील वेल्डिंग मशीन, ऐरण, भाता, पकडी, घण आणि भिंतीला टांगलेले सर्व पुठ्ठ्याचे फर्मे माझ्या सूनबाईस मिळावेत, मुलास नव्हे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, घर नवऱ्याचं आणि शेड बायकोची, भांडणं होतील." मी म्हटले, "होऊ देत. सध्या दोघं एका खोलीत बसून आपापल्या फोनकडे बघतात. बोलायला काहीतरी विषय तर मिळेल."

सूनबाई पूल बांधण्याआधी त्यांची चित्रे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करते. शेड तिला का, हे पुढच्या कलमात कळेल.

कलम ४. नांगर.

हा नांगर माझ्या बाबांनी घडवला. एका फाळाचा, बैलांनी ओढायचा, त्याचा मातीला कूस बदलायला लावणारा पंख असा वळवलेला की त्यात तोंड पाहावे. बाबांच्या हातचे ते सर्वांत चांगले काम. भाता मी मारला होता. तरी बाबा गेल्यावर लोहारकाम, त्यांची शेड, सगळे धाकट्या भावाच्या नावे झाले, कारण तो मुलगा आणि मी दिल्या घरची. धाकट्याने थोडे दिवस ऐरणीवर हात चालवला, मग शेड बंद करून सगळे लोखंड भंगारवाल्याला घातले. मी धावत भंगारवाल्याकडे गेले आणि स्वतः केलेले नवेकोरे फाटक त्याला देऊन त्याच्या बदल्यात नांगर सोडवून आणला. त्या दिवसापासून धाकट्याचे आणि माझे बोलणे बंद झाले. तो समोर उभा राहून तिसऱ्याला म्हणायचा, "तिला सांगा." मी म्हणायची, "त्याला सांगा, ऐकलं."

नांगर कितीतरी वर्षे माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा होता. बैल गेले होते. आमच्याकडच्या शेताच्या पट्ट्या अरुंद, दोन दगडी बांधांच्या मधली वाट त्याहून अरुंद. मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही. शेजारणीने एक छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या मागे फिरणारी पाती होती; ती वरची बोटभर माती भुसभुशीत करायची, आणि खाली जमीन दरवर्षी अधिकच फरशीसारखी होत गेली. पाणी मुरेना. मुळे खाली जाऊन आडवी वळू लागली. शेजारीण एक दिवस उपटलेले रोप घेऊन माझ्या दारात आली. त्याचे मूळ काटकोनात वाकलेले होते. म्हणाली, "ताई, हॉटेलवाला पट्टी मागतोय. देऊन टाकते आता. जमीनच नको म्हणतेय तर मी कशाला धरून बसू?"

मी भिंतीकडे बघितले. म्हटले, "थांब जरा. मला एकदा बघू दे."

नांगराचा लांब दांडा कापून, त्याला त्रिकोणी चौकट जोडून ट्रॅक्टरच्या मागच्या तीन टोकांना अडकवायचा, असा माझा बेत. कटर हातात घेतला तर यजमानांनी पुढच्या खोलीतून हाक मारली. "आधी पुठ्ठ्यावर बेत. कापड उसवता येतं, लोखंड उसवता येत नाही." मग त्यांनीच पुठ्ठा कापला, टाचण्या लावल्या, आणि आम्ही दोघांनी नांगराला अंगरखा शिवावा तशी चौकट बेतली. दांडा कापताना बाहेर बांधावर धाकटा उभा होता. ओरडला, "तिला सांगा, बाबांच्या हातचं काम कापतेय!" सांगायला तिथे कोणीच नव्हते. मी कापला.

पहिल्या दिवशी फाळ जमिनीत शिरला तो शिरतच गेला. ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली, शेजारीण स्टिअरिंग सोडून किंचाळली आणि इंजिन बंद पडले. मी म्हटले, पुढे वजन कमी पडते. वाळूची पोती बांधली. पुन्हा घातला. या वेळी चाके जमिनीवर राहिली आणि माझी चौकट पिळवटून निघाली. बांधावर आता निम्मे गाव जमले होते. हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, दमलात. मला द्या तो. मस्त रंगवून हिरवळीवर ठेवू, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतील." मी काही बोलले नाही. माझ्या हातात पाना होता, म्हणून तर अजिबातच बोलले नाही.

सूनबाई तेव्हा सुट्टीला आलेली. पालथ्या डब्यावर बसून ती वाकडी चौकट बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "आई, बैल याला नुसतं पुढे ओढायचे का?"

"मग काय मागे?"

"तसं नाही. फाळ जमिनीत, जू बैलांच्या खांद्यावर. म्हणजे ओढ तिरकी. ते ओढता ओढता नांगराला थोडं वर पण उचलत होते. ट्रॅक्टर सरळ ओढतो. वर उचलणारं कोणी नाही, मागे रुमण्याची मूठ धरणारा माणूस नाही. मग तो खालीच जाणार ना?"

मी लोहाराची लेक. जन्मभर ओढ हातात धरली, पण ती डोळ्यांनी अशी कोणी दाखवली नव्हती. मला तिचा राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला की मी तिला कामाच्या हातांनीच मिठी मारली. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर तो डाग अजून आहे आणि ती तो कुर्ता टाकत नाही.

तिने ओढ दाखवली, उपाय माझा. चौकटीचे वरचे भोक मी लांबट केले, म्हणजे नांगराला थोडी मान हलवता यावी. नांगराच्या पुढच्या अंगाला हातगाडीचे चाक बसवले. रुमण्यावरचा माणूस जे काम हाताने करायचा ते काम आता चाक करणार होते: याच्याखाली जायचे नाही. आणि फाळ तळहाताएवढा बाजूला सरकवला, कारण छोट्या ट्रॅक्टरची चाके जवळजवळ असतात आणि चाक आधीच्या तासात चालले पाहिजे.

सगळे जोडून झाले तेव्हा धाकटा बांधावरून खाली उतरला. या वेळी तिसऱ्या कोणाला न धरता थेट मला म्हणाला, "दगड लागला तर काय मोडणार?"

दगडाचा विचार मी केलाच नव्हता.

"बाबा दांड्यात लाकडी खुंटी ठोकायचे," तो म्हणाला. "दगडाला अडला की खुंटी मोडायची. नांगर वाचायचा, बैलांचे खांदे वाचायचे. मी खुंट्या तासून द्यायचो. तू भात्यापाशी असायचीस, तुला दिसलं नसेल."

मी एक जाड बोल्ट काढला आणि त्या जागी मऊ लोखंडाचा बारीक बोल्ट घातला. दुसऱ्याच फेरीला नांगर दगडाला लागला. बोल्ट तुटला. बाकी सगळे जागच्या जागी. शेजारणीने नवा बोल्ट घातला आणि ट्रॅक्टर पुढे काढला. फाळाने ती फरशी फोडली, ओल्या काळ्या मातीचे वेटोळे पंखावरून उलटत गेले आणि पट्टीच्या टोकापर्यंत सरळ तास पडला. शेजारीण उतरली, तासात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. आनंदात तिला दुसरे काही सुचत नाही. पट्टी तिने विकली नाही.

त्यानंतर तो नांगर आसपासच्या सगळ्या अरुंद पट्ट्यांत फिरला, आणि माझ्या फर्म्यांवरून कितीतरी जणांनी आपापले जुने नांगर जोडून नेले. अडगळीतून निघालेला एकेक नांगर मी दारात उभा पाहिला आहे. राजाला हत्ती पाहून काय वाटत असेल ते मला माहीत आहे.

पण धाकटा गावात सांगत राहिला, "नांगर बाबांचा. ताईनं नुसती चौकट चिकटवली." म्हणून येथे कायम नोंद करते. फाळ बाबांचा. बेत यजमानांचा. ओढ सूनबाईने दाखवली. खुंटी धाकट्याची. आणि छोट्या ट्रॅक्टरमागे जमीन फोडणारा हा नांगर केला कोणी, असे कोणी विचारले, तर मी केला. मी.

हा नांगर सूनबाईस द्यावा. त्याला रंग देऊ नये, तेल द्यावे. दरवर्षी तो जमिनीत गेला पाहिजे. फर्मे मागेल त्याला उतरवून द्यावेत, आणि सोबत चहाही. (येथे वारस म्हणून दुसरे नाव येणार होते. ते का आले नाही, हे कलम ७ मध्ये आहे.)

कलम ५. बँकेत जे काही असेल त्यातून शेडचे विजेचे बिल भरत जावे, उरेल ते मुलाचे. हिशेब त्यानेच ठेवावा. त्याला त्यात गोडी आहे.

कलम ६. हॉटेलवाल्यास माझी पहिली, पिळवटलेली चौकट द्यावी. हिरवळीवर ठेवावी. फोटोला चालेल.

कलम ७. माझ्या धाकट्या भावास मी काहीही ठेवत नाही. गाव म्हणेल, म्हातारीने शेवटपर्यंत डूख धरला. म्हणून घडले ते लिहिते.

मागच्या आठवड्यात मी त्याला बोलावले. वकीलसाहेब समोर होते. त्यांनी सांगितले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर मिळालेले हातचे जाते. मी दोन्ही गोष्टी धाकट्यापुढे ठेवल्या. "कलम चारमध्ये वारसाची जागा कोरी आहे. फाळ बाबांचा आहे, तुझाही जीव आहे त्यात. नांगर घे, नाहीतर साक्षीदार हो. दोन्ही नाही मिळणार."

त्याने चष्मा लावून कलम चार वाचले. पुन्हा वाचले. म्हणाला, "यात लिहिलंय की नांगर तू केलास."

"हो."

"मग सही केली की मी ते मान्य केलं असं होईल."

वकीलसाहेब मध्ये पडले. "तसं काही नाही हं. साक्षीदार फक्त एवढंच सांगतो की सही माझ्यासमोर झाली. मजकुराशी त्याचा संबंध नसतो."

"तुमचा कायदा तुमच्यापाशी," धाकटा म्हणाला. "गावात माझी सही म्हणजे माझा शब्द." मग तो खिडकीबाहेर पाहत बसला. मी त्याला घाई केली नाही. आम्हा दोघांना घाई करून कधी काही मिळालेले नाही.

"नांगर सूनबाईला दे," तो शेवटी म्हणाला. "पक्की प्रत झाली की कुठं सही करायची ते दाखव."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, चष्मा न लावता सही केले आहे. यात कोणी खोट काढू नये. माझ्या जोडात आजवर कोणाला ती सापडलेली नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: यंदाची नांगरट संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीची, वर शिक्क्यात आहे ती.

मृत्युपत्र करणार: (सही) घणबाई

साक्षीदार पहिले: (सही) गावचे डॉक्टर. सही माझ्यासमोर केली. शुद्धीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर केली. कलम चार वाचले. नांगर ताईनेच केला.